विद्यापीठातल्या कामाने धरलेली मान, पाठ आणि कंबर : दोष खुर्चीचाच का?

पगारपत्रक | १२ जानेवारी, रात्री ९.४०

मी बडोद्यातल्या एका विद्यापीठात परीक्षा विभागात आहे. आमच्याकडे मराठी मंडळी बरीच. मधल्या सुट्टीत डबे उघडले की हल्ली पहिला विषय दुखण्याचा निघतो. कोणाची मान, कोणाचा उजवा खांदा, कोणाची कंबर. निकालाच्या दिवसांत तर प्रत्येक ड्रॉवरमध्ये मलमाची ट्यूब सापडते.

या वर्षी मला कर्मचारी कल्याण समितीवर घेतलंय आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, नव्या खुर्च्या मागा. मागायला माझी ना नाही. पण अर्ज एकदाच जाणार आणि पैसे मिळाले तर तेही एकदाच मिळणार. खुर्च्या आल्या आणि दुखणं तसंच राहिलं, तर पुढच्या वेळी आमचं कोण ऐकणार? म्हणून लिहायच्या आधी विचारते. तुमचं काय दुखतं, काम कोणतं आहे, आणि कशाने खरंच फरक पडला? फक्त कार्यालयातल्यांनी नाही, शिकवणाऱ्यांनी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, सगळ्यांनी लिहा.

खडू_फळा | १२ जानेवारी, रात्री १०.०५

उजवा खांदा. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहायला हात खांद्याच्या वर न्यायचा, तोही सलग पाऊण तास. पर्यवेक्षणाला तीन तास उभं राहायचं, तेव्हा पोटऱ्या आणि टाचा. उत्तरपत्रिका तपासायला बसवतात विद्यार्थ्यांच्या बाकावर, त्यात मान पूर्ण खाली. आमच्या लोकांचं दुखणं ऋतूप्रमाणे बदलतं. तुमच्या अर्जातल्या खुर्चीचा मला काडीचा उपयोग नाही, तरी अर्ज जरूर करा.

मांडवीकर | १२ जानेवारी, रात्री १०.१२

खुर्ची सोडा, रस्ते बघा. मांजलपूरहून फतेहगंजपर्यंत रोज स्कूटर चालवा, मणके आपोआप मोजून होतात.

पुस्तकवाली | १२ जानेवारी, रात्री १०.४८

ग्रंथालयातून. आमच्याकडे बसायला मिळतंच किती? नियतकालिकांचे बांधलेले जाड खंड कण्याकडून एका हाताने ओढून काढायचे, त्यात मनगट आणि अंगठा जातो. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीलगत आणि सगळ्यात वरचा हाताबाहेर. परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी एका बाजूला ओढते, कारण तिचं चाक गेली कित्येक वर्षं वाकडं आहे. ते चाक बदलून मिळालं तरी आमच्या विभागातली निम्मी कुरकुर थांबेल.

उंधियू | १३ जानेवारी, सकाळी ७.३०

ताई, उद्या उत्तरायण आणि परवा वासी उत्तरायण. सोळा तारखेला पाहणी करू नका, अख्ख्या बडोद्याची मान धरलेली असेल आणि खापर परीक्षा विभागावर फुटेल!

पगारपत्रक | १३ जानेवारी, सकाळी ८.१५

उंधियू, बरोबर बोललात. पण हेच मला कळत नाही. पतंगाने धरलेली मान दोन-चार दिवसांत सुटते, नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून भरलेल्या पोटऱ्याही मोकळ्या होतात. मग माउसवर नुसता हात ठेवून दुखणारा खांदा महिनोन् महिने का सुटत नाही? ताकद तर काहीच लागत नाही.

फिजिओताई | १३ जानेवारी, दुपारी २.२०

धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कारेलीबागेत रुग्ण बघते, आणि निकाल आणि प्रवेश यांच्या हंगामात माझ्याकडे विद्यापीठातली माणसं हमखास वाढतात.

पतंग उडवताना किंवा गरबा खेळताना स्नायू दमतो आणि मग त्याला पूर्ण विश्रांती मिळते. ताण, विश्रांती, पुन्हा ताण, असं चक्र असेल तर स्नायू सावरतो, उलट बळकटही होतो. टेबलावरच्या कामात स्नायूला जोर थोडाच लागतो, पण तो संपत नाही. मानेपासून खांद्यापर्यंत जो मोठा स्नायू जातो, त्यातले काही बारीक तंतू हात किंचित उचलला की सगळ्यात आधी कामाला लागतात आणि हात पूर्ण सैल सोडेपर्यंत सुटत नाहीत. माउस धरून स्क्रीनकडे बघत बसलात तर बाकीचा स्नायू आराम करतो आणि हे तंतू सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतात. १९९१ मध्ये हॅग या स्वीडिश संशोधकाने ही कल्पना मांडली आणि त्या तंतूंना सिंड्रेलाचं नाव दिलं, घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर निजणारी. म्हणजे जोर किती लागतो यापेक्षा मध्ये सुटका किती वेळा होते, हे पाहावं लागतं.

मोबाईलवर फिरणारा एक आकडाही सांगून ठेवते. मान ६० अंश पुढे झुकवली की मानेवर २७ किलो भार येतो, असं सगळे ऐकवतात. तो २०१४ सालच्या एका निबंधातला आहे आणि गणिती प्रतिमानावरून काढलेला आहे, कुणाच्या मानेत यंत्र घालून मोजलेला नाही. डोकं सरळ असताना साडेचार-पाच किलोचं असतं आणि पुढे गेलं की मागच्या स्नायूंना जास्त धरावं लागतं, एवढं खरं. पण त्या आकड्याला घाबरून मान ताठ धरून बसलात तर तेही दुखेल.

आणि एक, पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी चष्मा तपासा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर वाचायचा भाग खाली असतो. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर ठेवला की वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडते. अशांनी स्क्रीन थोडा खाली आणून मागे कलवायचा. सगळ्यांना सरसकट 'स्क्रीन उंच करा' सांगितलं जातं, त्याने यांचं दुखणं वाढतं.

दांडियाबाजारकर | १३ जानेवारी, दुपारी ४.०५

फिजिओताई, एवढं सगळं कशाला? बसणं हेच मूळ आहे. बसल्यावर मणक्यांच्या गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, हे सुईने मोजून सिद्ध झालंय. अर्जात उंच टेबलं मागा, उभ्याने काम करा, विषय संपला.

फिजिओताई | १३ जानेवारी, सायंकाळी ६.३०

दादा, ते मोजमाप नाकेमसन यांचं, साठच्या दशकातलं. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत संवेदक बसवून पुन्हा मोजलं. सैल बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा कमीच निघाला. एकाच माणसावरचं मोजमाप आहे, म्हणून त्यावर सगळा इमला उभारू नका. पण 'बसणं म्हणजे विष' हेही टिकत नाही. उभ्याने काम करणाऱ्यांची कंबर आणि पाय दुखतातच. खडू_फळा यांनी वर पर्यवेक्षणाचं लिहिलंय ते वाचा.

ग्वाल्हेरकर | १३ जानेवारी, रात्री ८.५०

फिजिओताईंना अनुमोदन. मी ग्वाल्हेरला प्रयोगशाळा सहायक आहे, दिवसातला बराच वेळ उभाच. पिपेटचं बटण दाबून दाबून अंगठ्याच्या मुळाशी असं दुखतं की दरवाजाची कडी उघडवत नाही. सूक्ष्मदर्शकाचं वेगळंच. ओटा बुटका असला की माणूस यंत्राकडे वाकतो. आम्ही सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले आणि यंत्र चार बोटं वर आणलं. ठोकळ्यांना किती पैसे लागणार? पण तो आधीचा वाकलेपणा गेला तेव्हा मान मागे वळवता येऊ लागली. पगारपत्रक ताई, असली स्वस्त कामं अर्जात पहिल्यांदा घाला.

इथे जानेवारीत प्रयोगशाळेत बोटं कडक होतात ते वेगळंच. तुम्हा बडोदेकरांना खरी थंडी कुठे ठाऊक!

इंदूरी | १३ जानेवारी, रात्री ९.१०

आमचा इंदूरचा व्यायाम म्हणजे कार्यालय सुटल्यावर छप्पन दुकानपर्यंत पायी जाणं. परत रिक्षाने, कारण पोट भरलेलं असतं.

निवृत्त_नाना | १४ जानेवारी, सकाळी ६.१५

सगळं वाचलं. मी लेखाविभागात पूर्ण नोकरी केली. मोठमोठी खातेवह्यांची बाडं, लाकडी खुर्ची, डोक्यावर एक पंखा. कुणी फिजिओकडे गेल्याचं आठवत नाही. सकाळी आखाड्यात जाऊन येणारे लोक होते. आपल्या बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात पिढ्या घडवल्या, मोडलेली हाडं बसवून घ्यायला लांबून माणसं त्यांच्याकडे येत. आजच्या मुलांनी शरीराकडे पाठ फिरवली आणि मग पाठ दुखते म्हणून तक्रार. जोर-बैठका काढा. सर्वांना तिळगूळ.

रेमिंग्टन | १४ जानेवारी, सकाळी ९.४०

नाना, तुम्हालाही तिळगूळ. पण माझ्या सासूबाई त्याच काळात टंकलेखिका होत्या. रात्री कोमट पाण्यात हात बुडवून बसायच्या, बोटं मिटत नसत म्हणून. त्यांनी कार्यालयात कधी सांगितलं नाही, कारण सांगून काही होणार नव्हतं. दुखत सगळ्यांनाच होतं. बोललं जात नव्हतं.

निवृत्त_नाना | १४ जानेवारी, दुपारी १२.३०

रेमिंग्टन, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुम्ही टंकलेखनाचा विषय काढलात म्हणून आठवलं ते लिहितो, ताईंच्या अर्जाला उपयोग होईल. त्या यंत्रावर ओळ संपली की हाताने कॅरेज सरकवावं लागे. पान संपलं की नवा कागद, मध्ये कार्बन, ते ठाकठीक लावण्यात मिनिट-दोन मिनिटं जात. फाइल पुढच्या टेबलावर न्यायची तर उठून जावं लागे, साहेबांची सही घ्यायला जिना चढावा लागे. काम कमी नव्हतं, पण कामातच उठबस होती. माझा मुलगा आता अशाच एका कार्यालयात आहे. त्याची फाइल स्क्रीनवरून जाते, सहीसुद्धा स्क्रीनवर होते. तो सकाळी बसतो तो डब्याला उठतो. पूर्वी न मागता मिळणारी उठबस कुणीतरी काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिलं नाही.

पगारपत्रक | १४ जानेवारी, दुपारी १.०५

नाना, हे फार मोलाचं सांगितलंत. आमच्याकडे तर गुणांची नोंद करताना पान उलटायचंही काम राहिलेलं नाही.

मागच्या_खिशात | १४ जानेवारी, दुपारी ३.२५

चालकांच्या वतीने एक. पँटच्या मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढून बसा. एका कुल्ल्यावर बसून दिवसभर गाडी चालवली की कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. पगार झाल्याच्या आठवड्यात जास्त जाते.

हंगामी | १४ जानेवारी, रात्री ११.१०

इतके दिवस नुसतं वाचत होते. मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे, कोणत्या विद्यापीठात ते लिहीत नाही. प्रवेशाच्या हंगामात मदत-खिडकीवर असते. समोर रांग, एका कानाला फोन, पोर्टल मध्येच बंद पडतं आणि पालक ओरडतात ते आमच्यावर. पोर्टल आम्ही केलेलं नाही, तारखा आम्ही ठरवलेल्या नाहीत, पण ऐकायचं आम्ही. पाणी प्यायला उठलं तरी वरिष्ठ घड्याळाकडे बघतात. मग पाणीच कमी प्यायचं.

संध्याकाळी खांदे कानापर्यंत चढलेले असतात, हे मला घरी आई दाखवते. रजा घेतली तर पैसे कापले जातात. दुखतंय म्हटलं तर पुढचा करार होईल की नाही ही धास्ती. माझी खुर्ची चांगली आहे हो, नवीकोरी आहे. मान तरीही दुखते.

फिजिओताई | १५ जानेवारी, सकाळी १०.००

हंगामी, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमची मान दुखते यात 'मनाचे खेळ' काही नाही. धास्ती असली की स्नायू खरोखर आवळलेले राहतात, झोप उथळ होते आणि दुखणं जास्त जाणवतं. अमेरिकेतल्या कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की मागणी खूप आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, असं काम सगळ्यात जास्त ताण देतं. नंतर जगभरच्या पाहण्यांत मान-खांदा-कंबरदुखीशीही याचा संबंध दिसत आला आहे. तुमची खिडकी म्हणजे त्याचं चोख उदाहरण. यावर मी व्यायाम देईन, पण तुमचं अर्धं औषध वेळापत्रक लावणाऱ्याच्या हातात आहे.

प्रश्न_आहे | १५ जानेवारी, दुपारी १२.१५

सगळे स्नायू आणि खुर्चीबद्दल बोलताहेत. माझ्या यजमानांचं अंग दुखत होतं ते जीवनसत्त्व ड कमी निघालं. सगळ्यांनी गोळ्या घ्याव्यात का?

गल्लीतला_डॉक्टर | १५ जानेवारी, दुपारी २.४०

सगळ्यांनी नाही, तपासून. सगळं अंग दुखत असेल, जिना चढताना मांड्यांत बळ वाटत नसेल, तर ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघून घ्या. मधुमेह असेल आणि खांदा हळूहळू वर जाईनासा झाला तर तो नुसता कामाचा खांदा नसतो, मधुमेहींमध्ये आखडलेला खांदा जास्त दिसतो. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुरू झाल्यावर दुखायला लागलं असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

आणि हे मात्र टाळू नका : रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप किंवा वजन घटणं, पायात बळ कमी होणं. लघवी-संडासावरचा ताबा गेला किंवा जांघेत बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय. छातीत दाब, घाम आणि डावा खांदा किंवा जबडा, तर मलम चोळत बसू नका, सरळ १०८ लावा.

वसतिगृहताई | १५ जानेवारी, रात्री ९.२०

मी एका वसतिगृहाची देखरेख करते. आमच्या भोजनगृहातल्या बायका आणि झाडणाऱ्या मावशी या धाग्यावर येणार नाहीत, म्हणून त्यांचं मी लिहिते.

पोळ्या लाटणाऱ्या चौघी. ओटा बांधला कोणाच्या मापाने, कोणास ठाऊक. उंच बाईला तो मांडीला लागतो आणि ती दोन्ही वेळा वाकून लाटते, बुटकीला खांदे उचलून लाटावं लागतं. मावशींचा झाडू आखूड दांड्याचा, त्यामुळे अख्खा व्हरांडा कमरेत वाकून. एकीला विचारलं तर गुजरातीत म्हणाली, 'बेन, केड तो रोजनी छे', कंबर तर रोजचीच आहे. दुखणं हे कामाचाच भाग आहे असं त्यांनी धरून घेतलंय. मला याचं फार वाईट वाटतं. विद्यापीठातलं कर्मचाऱ्यांचं दुखणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संगणक येतो, आणि सगळ्यात जास्त वाकणारी माणसं मोजलीच जात नाहीत.

फिजिओताई | १६ जानेवारी, सकाळी ८.४५

वसतिगृहताई, ओट्याचं माप सोपं आहे. सरळ उभं राहून कोपर काटकोनात मोडायचं. लाटायला, मळायला जोर लावावा लागतो म्हणून ओटा कोपरापेक्षा वीतभर तरी खाली हवा. बुटक्या बाईला पायाखाली भक्कम, न घसरणारी फळी द्या, उंच बाईला ओट्यावर जाड पाट. लांब दांड्याचा झाडू तर उद्याच आणता येईल.

आता 'कशाने फरक पडला' याचं उत्तर, कारण ते कोणी नीट दिलेलं नाही. २०११ मध्ये डेन्मार्कमध्ये मान-खांदा दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली. रबरी पट्टा पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्याच्या पातळीपर्यंत उचलायचे. एका गटाने रोज २ मिनिटं केलं, एकाने १२ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, १० आठवडे. दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं, २ मिनिटंवाल्यांचंसुद्धा. म्हणून नानांचे जोर-बैठका मला मान्य आहेत, फक्त दुखत्या माणसाने पट्ट्यापासून सुरुवात करावी. खांदा तीव्र दुखत असेल तर आधी दाखवून घ्या. आपल्या सयाजी रुग्णालयातही फिजिओथेरपी मिळते, परवडत नाही म्हणून कोणी अंगावर काढू नका.

खडू_फळा | १६ जानेवारी, दुपारी १.३०

पट्ट्याचा व्यायाम मी करतो, फिजिओताई म्हणतात तो खरा आहे. आणि वर्गात फळ्याचा वरचा तिसरा हिस्सा वापरणं बंद केलं. मुलांना मधल्या भागातलं दिसतं, कोणाचं काही अडलं नाही.

पगारपत्रक | १८ जानेवारी, रात्री ९.००

सगळ्यांची आभारी आहे. वाचून झाल्यावर मी एक केलं. फिजिओताईंनी व्यक्तिगत निरोपातून नॉर्डिक प्रश्नावली पाठवली होती, १९८७ सालची. तीत शरीराचे ९ भाग असतात, मानेपासून पावलांपर्यंत, आणि गेल्या १२ महिन्यांत आणि गेल्या ७ दिवसांत दुखलं का, एवढंच विचारतात. आमच्या मजल्यावर कागदावर माणसाची आकृती काढून ती फिरवली, गुजरातीतही करून घेतली. उत्तरायणाची मान सुटेपर्यंत थांबले नाही, पण '७ दिवस' वेगळं लिहून घेतलं, उंधियू निश्चिंत राहा.

कारकुनांनी मान आणि खांदे रंगवले, ते अपेक्षितच होतं. आमच्या पट्टेवाल्या भाईंनी गुडघे आणि कंबर रंगवली. तेव्हा लक्षात आलं की उत्तरपत्रिकांची बंडलं तेच तिसऱ्या मजल्यावर नेतात आणि खुर्च्यांच्या मागणीत त्यांचं नावही नव्हतं.

तर अर्जाचा आराखडा असा. खुर्च्या फक्त मोडक्या आहेत तिथे. लॅपटॉपवर दिवसभर काम करणाऱ्यांना वेगळा कीबोर्ड, पाय लटकतात त्यांना पायाखाली पाट. बंडलांसाठी ढकलगाडी आणि लिफ्ट वापरायची लेखी परवानगी. निकालाच्या दिवसांत नोंद आणि पडताळणी यांची माणसं आलटून-पालटून, आणि तासातून एकदा उठणं वेळापत्रकातच. ग्रंथालयाच्या गाडीचं चाक. लांब दांड्याचे झाडू. ओट्याची मापं. काही राहिलं का?

दांडियाबाजारकर | १८ जानेवारी, रात्री ९.३५

खूप मागण्या झाल्या. सरकारी खाक्या मला ठाऊक आहे, दहा मागितलं की शून्य मिळतं. बिनपैशाच्या मागण्या पहिल्या पानावर घ्या, म्हणजे आलटून-पालटून काम, उठायची मुभा आणि लिफ्टची परवानगी. खर्चाच्या दुसऱ्या पानावर, अंदाजपत्रकासह. पहिलं पान नाकारायला त्यांना कारण सापडणार नाही.

गल्लीतला_डॉक्टर | १८ जानेवारी, रात्री १०.१०

बंडलाचं वजनही ठरवून घ्या. अमेरिकेच्या निऑश संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता, मर्यादा २३ किलो धरलेली आहे. जिन्यावर, हात पुढे धरून, दिवसभर, तर त्यापेक्षा खूपच कमी हवं. बंडलं लहान बांधली की झालं, त्याला अंदाजपत्रक लागत नाही.

हंगामी | १८ जानेवारी, रात्री ११.२५

पहिल्या पानावर 'कायम आणि करारावरचे दोन्ही' असं स्पष्ट लिहाल का? नाहीतर उठायची मुभा कायमवाल्यांना मिळेल आणि त्यांच्या जागेवर तेवढा वेळ आम्हाला बसवतील.

पगारपत्रक | १९ जानेवारी, सकाळी ७.५०

लिहिलं. कंत्राटी सफाई आणि भोजनगृहसुद्धा. दांडियाबाजारकर म्हणतात तशी दोन पानं केली, बंडलं लहान बांधायचं पहिल्या पानावर घेतलं. समितीची बैठक गुरुवारी आहे. वसतिगृहताई, त्या चौघींच्या कोपरांची उंची तेवढी बुधवारपर्यंत कळवा.

वसतिगृहताई | १९ जानेवारी, सकाळी ८.०५

आज दुपारच्या पोळ्या झाल्या की टेप घेऊन बसते. पट्टाही घेऊन जाते, एकीला शिकवून बघते.